तक्रार : रायफल न उघडताच दिलेला ‘दोष आढळला नाही’ हा अहवाल

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : .30-06 बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलीच्या दस्त्यातील (लाकडी भागातील) दोष, कॅटलॉगपेक्षा वेगळी निघालेली सेफ्टी (चाप अडवणारी कळ) आणि दोन चुकीचे तपासणी अहवाल

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची रायफल घेऊन मला आठ महिने झाले. त्यातले नऊ आठवडे ती तुमच्याच दुरुस्ती विभागात होती आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन घरी परतली. हे माझे तिसरे पत्र. पहिली दोन सौम्य होती.

आधी चांगले ते सांगतो, नाहीतर गिऱ्हाईकच खडूस आहे असे वाटायचे. मी ही रायफल घाईने घेतलेली नाही. जर्मनीच्या माउझर कंपनीने 1898 साली जो बोल्ट (काडतूस आत ढकलणारी आणि पुंगळी बाहेर काढणारी सरकती दांडी) बसवला, त्याच घराण्यातला तुमचा बोल्ट आहे. पुढे दोन जाड लग, म्हणजे बोल्ट जागेवर अडकवणारे दात, आणि बाजूला लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर. काडतूस मॅगझिनमधून वर येता येताच हा पंजा त्याची कड धरतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाईत बोल्ट अर्धाच मागे ओढून पुन्हा पुढे रेटला, तरी चेंबरमधल्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतल्या) काडतुसाच्या बुडाला दुसरे काडतूस येऊन आदळत नाही. विंचेस्टरने 1964 साली आपल्या मॉडेल 70 मधून हा पंजा काढून टाकला, तर शिकारी त्याआधीची जुनी रायफल शोधत फिरू लागले. कंपनीला पुढे तो परत आणावा लागला. तुम्ही तो पहिल्यापासून ठेवलात, म्हणून मी तुमच्याकडे आलो. काडतूसही मुद्दाम जुने निवडले. .30-06 हे 1906 पासून चालत आलेले आहे, त्यात नवलाचे काही उरलेले नाही, आणि शिकारीच्या हत्यारात मला नवल नकोच आहे.

विक्रेत्याकडे डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि मग उघडले, तर दुर्बिणीचे वर्तुळ पूर्ण समोर. मान कुठे ताणावी लागली नाही. बोल्ट तेल लावल्यासारखा सरकत होता. नळी लाकडाला टेकत नाही ना हे बघायला नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून पाहिली, ती टोकापासून चेंबरजवळपर्यंत गेली. एवढे पाहून मी समाधान मानले. ती पट्टी अडखळत नव्हती, पण सैलही नव्हती, याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. ही चूक माझी, कबूल.

आता मूळ दुखणे. रायफल थंड असताना पहिल्या तीन गोळ्या 100 मीटरवर 30 मिलिमीटरच्या आत बसतात. म्हणजे जवळपास एक एमओए (अंशाचा साठावा भाग, नेमबाजीतले अचूकतेचे माप), कारण 100 मीटरवर एक एमओए म्हणजे 29 मिलिमीटर. चौथी आणि पाचवी गोळी वर आणि डावीकडे जाते, साधारण 70 मिलिमीटर. एकदा नाही, दर वेळी, आणि त्याच दिशेला. उधळलेला ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) असता तर मी काडतुसांना किंवा माझ्या खांद्याला दोष दिला असता. पण एकाच बाजूला पळणारा ग्रुप काहीतरी सांगत असतो.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, “शिकारीला एकच गोळी लागते ना? थंड नळीची पहिली गोळी बरोबर लागतेय, मग प्रश्न कुठे आहे?” प्रश्न कुठे आहे ते मला एका ओल्या सकाळी कळले. रात्रभर भुरभुर पाऊस होता, रायफल पहाटेपासून खांद्यावर. साधारण 180 मीटरवर हरीण उजवीकडे तोंड करून, पूर्ण आडवे उभे होते. वारा नव्हता, रायफल पाठपिशवीवर टेकवलेली होती, चाप नीट सुटला. गोळी खांद्यामागे लागायला हवी होती, ती पोटात लागली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी त्या जनावराच्या मागे रक्ताचे थेंब शोधत चालत होतो. ते सापडले आणि दुसऱ्या गोळीने सुटले. पण मधले सात तास त्याने जे भोगले ते माझ्या खात्यावर आहे, आणि त्यातला अर्धा वाटा मी तुमच्या खात्यावर लिहितो.

दुसऱ्याच दिवशी मी रेंजवर गेलो. नळी थंड, 100 मीटरवर पहिलीच गोळी 60 मिलिमीटर डावीकडे. 180 मीटरवर याचे जवळजवळ 11 सेंटीमीटर होतात; हिशेब तुम्हीही करू शकता. रायफल आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवली, तर पहिली गोळी आपली आपण मध्यावर परत आली. दुर्बिणीचा एक खटकाही मी फिरवला नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा रायफल तुमच्याकडे पाठवली. पाच आठवड्यांनी ती परत आली, सोबत तीन भोके पडलेला एक कागद आणि सल्ला : दुर्बीण बदलून पाहा, दुसऱ्या कंपनीची काडतुसे वापरून पाहा. पाहिली. दुसऱ्या रायफलीवर वर्षानुवर्षे न हललेली दुर्बीण हिच्यावर चढवली. 150, 165 आणि 180 ग्रेन वजनाच्या गोळ्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, मारून पाहिल्या. माझ्याहून चांगला नेम असलेल्या मित्राला बेंचवर बसवले. दुर्बिणीच्या कड्या आणि ॲक्शनचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या नळीमागच्या धातूच्या भागाचे) स्क्रू टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापाला आवळले. ग्रुपचा मध्य थोडाफार हलला, पळण्याची दिशा तीच राहिली. मग पाच गोळ्या दर दहा मिनिटांनी एक अशा मारल्या, नळी प्रत्येक वेळी हाताला थंड लागेपर्यंत थांबून. पाचही 32 मिलिमीटरमध्ये. त्याच पाच गोळ्या लागोपाठ मारल्या की शेवटच्या दोन डावीकडे वर. नळीत खोट नाही. नळीला कोणीतरी ढकलते आहे.

पावसाळी दिवशी पुन्हा कागदाची पट्टी घातली. या वेळी ती दस्त्याच्या टोकापासून चार बोटांवर, उजव्या अंगाला अडकली. उजवीकडून लाकूड दाबते आणि गोळी डावीकडे जाते, यात कोडे काय आहे? दोन्ही स्क्रू काढून ॲक्शन उचलली. दस्त्याच्या खोबणीत उजवीकडे करंगळीच्या नखाएवढा एक डाग होता, चकचकीत, काळसर, घासून गुळगुळीत झालेला. बाकीची खोबण पाहून मात्र मी खालीच बसलो. आत लाकूड कोरे! तेल नाही, व्हार्निश नाही, सीलर नाही. बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवला, तो अर्ध्या मिनिटात आत मुरला आणि लाकडावर गडद ठिपका उरला. बाहेरून मात्र हाच अक्रोडाचा दस्ता इतका सुरेख पॉलिश केलेला आहे की त्यात तोंड दिसावे. वरून कीर्तन, आतून तमाशा. अक्रोड दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, हे कंपनीला मी सांगायचे? जिथे कागद कसाबसा जाईल एवढीच फट ठेवली आहे, तिथे फुगायला जागा कुठे आहे?

आणखी एक साधी परीक्षा केली, ती तुमच्या कारागिरालाही करता येईल. रायफल उभी धरली, एक बोट नळी आणि दस्त्याचे टोक दोन्हींना टेकेल असे ठेवले आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. नळी दस्त्यापासून उसळलेली बोटाला स्पष्ट जाणवली. पुन्हा आवळला, ती खाली बसली. ॲक्शन दस्त्यात नीट टेकलेली असती तर बोटाला काहीच कळायला नको होते. इथे स्क्रू आवळला की ॲक्शनच वाकते. म्हणजे नळीला लाकूड टेकते हा अर्धाच दोष. ज्याला तुम्ही बेडिंग म्हणता, म्हणजे ॲक्शनची दस्त्यातली बैठक, तेही बसलेले नाही.

मग एका जुन्या प्लास्टिक कार्डाचे दोन तुकडे कापून ॲक्शनखाली पुढे-मागे ठेवले. असे कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असते. तेवढ्याने नळी लाकडापासून सुटली. लागोपाठ पाच गोळ्या मारल्या : 35 मिलिमीटर. पुन्हा पाच : 34. तुमच्या विभागाने पाच आठवड्यांत जे केले नाही, ते रद्दीतल्या कार्डाने अर्ध्या तासात केले. हा कायमचा इलाज नाही हे मलाही कळते, म्हणून तुकडे काढून रायफल होती तशी केली आणि हे सगळे लिहून, फोटोंसह, तुमच्याकडे दुसऱ्यांदा पाठवली.

पाठवण्याआधी मी एक गोष्ट केली, ती तेव्हा कळवली नव्हती. ॲक्शनच्या दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा शेजारच्या धातूवर येईल असा, मुलीच्या नेलपेंटचा एकेक बारीक ठिपका ठेवला. जांभळा. स्क्रू थोडा जरी फिरला तरी तो तडकतो.

चार आठवड्यांनी रायफल परत आली. अहवालात लिहिले होते : “ॲक्शन काढून बेडिंग तपासले. नळी व दस्ता यांतील अंतर योग्य. दोष आढळला नाही.” खाली सही, शिक्का. दोन्ही जांभळे ठिपके जसेच्या तसे होते. त्यांचे फोटो पाठवण्यापूर्वीचे आणि आल्यानंतरचे सोबत जोडले आहेत. पेटीचे सील फोडतानाचा व्हिडिओही आहे. स्क्रू न फिरवता ॲक्शन कशी काढली, याची कृती कृपया लेखी कळवावी.

दस्त्यात चूक होऊ शकते. लाकूड हे लाकूड आहे, आणि हजार दस्त्यांत एखादा सीलर लावायचा राहू शकतो. तो दोष मी एका पत्रात मिटवला असता. हा ठिपका मात्र मिटत नाही.

तुमच्या त्या तीन भोकांच्या कागदाबद्दलही एकदा बोलतो. तो दोन्ही वेळा सोबत आला, छान शिक्का मारून. तीन गोळ्या एकत्र पडल्या यावरून माझ्या तक्रारीबद्दल काही कळत नाही, कारण माझी तक्रारच चौथ्या गोळीपासून सुरू होते. पत्रात ते ठळक अक्षरांत लिहिले होते. शिवाय तीन गोळ्यांचा ग्रुप कोणत्याही बऱ्यावाईट रायफलीचा एखाद्या वेळी सुरेख पडतो. कागद कितव्या प्रयत्नातला आहे हे तुम्ही लिहीत नाही. तारीख नाही, काडतूस कोणते ते नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कागदावरची भोके मी एकावर एक ठेवून पाहिली. ती निदान वेगळी आहेत, एवढे तुमच्या बाजूने.

सेफ्टीचे थोडक्यात. कॅटलॉगमध्ये तीन स्थितींची सेफ्टी छापली आहे, ज्यात मधल्या स्थितीत चाप बंद ठेवून बोल्ट उघडता येतो आणि मागच्या स्थितीत बोल्टही बंद होतो. हातात आलेल्या रायफलीला दोनच स्थिती आहेत आणि सेफ्टी लावली तरी बोल्ट मोकळाच राहतो. “नवीन मॉडेल, काम तेच,” असे विक्रेता म्हणाला आणि मी मान डोलावली. पुढे एकदा काटेरी झुडपांतून बाहेर आलो तर बोल्टची मूठ फांदीत अडकून वर उचलली गेली होती, बोल्ट दोन बोटे मागे आणि काडतूस चेंबरमधून अर्धे बाहेर. काम तेच नाही. चापाबद्दलही बोलण्यासारखे आहे, पण तो मी स्वतः समायोजित करून घेतला आहे.

आता मला काय हवे ते. दस्त्याची खोबण दोन्ही अंगांनी सारखी, किमान दीड मिलिमीटर मोकळी करून आतून पूर्ण सील करावी, रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्यावर देणारा ॲक्शनखालचा दात) आणि ॲक्शनचा मागचा भाग इपॉक्सीत बसवावा, स्क्रूंच्या भोकांत धातूच्या नळ्या घालाव्यात. ते जमत नसेल तर नवा दस्ता द्यावा, मात्र तोही आतून सील केलेला. सेफ्टी कॅटलॉगमध्ये आहे ती बसवावी. नळीला हात लावू नये. ती उत्तम आहे, आणि म्हणूनच तिची अशी हेळसांड पाहून जीव तुटतो. काम झाल्यावर थंड नळीपासून लागोपाठ पाच गोळ्या, असे दोन ग्रुप एकाच कागदावर मारून त्यावर तारीख, काडतुसाचे नाव आणि मारणाऱ्याची सही असावी. दुसरा अहवाल चुकीचा होता हे लेखी मान्य करावे. यासाठी 30 दिवस पुरेसे आहेत. तेवढ्यात काही झाले नाही तर रायफल परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तेही नाकारलेत तर हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

रायफल या पत्राबरोबर, रिकामी आणि बोल्ट वेगळा काढून, पाठवत आहे. स्क्रूंवर पुन्हा ठिपके ठेवले आहेत. या वेळी रंग लाल आहे आणि ते तडकलेले मिळाले तर मला आनंद होईल.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत : हमीपत्राची प्रत, दोन्ही तपासणी अहवाल, टार्गेटचे अकरा कागद, फोटो आणि व्हिडिओ.