पोटदुखी प्रत्येक वेळी तलफेचीच नसते

महोदय,

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांचा विषय निघाला की बोलणे एचआयव्ही आणि काविळीपाशी थांबते. त्यांच्या अंगात शिसेही भिनू शकते, हे डॉक्टरांच्यासुद्धा चटकन ध्यानात येत नाही.

मी अनेक वर्षे लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड पाहिल्या. एका तरुणाच्या लाल पेशींवर शाई शिंपडल्यासारखे बारीक निळे ठिपके दिसले, तेव्हा डॉक्टरांनी शिशाची तपासणी करायला सांगितली. त्याआधी तो पोट धरून दोनदा रुग्णालयात जाऊन आला होता. "माल मिळाला नाही म्हणून नाटक करतोय," असे म्हणून त्याला दोन्ही वेळा परत पाठवले होते. हे मला आजही सलते. गर्दची तलफ उठते तेव्हा कळांबरोबर सहसा जुलाब होतात. शिशाच्या कळेत पोट घट्ट धरते. अर्थात गर्द चालू असतानाही बद्धकोष्ठ होतेच, म्हणून नुसत्या लक्षणांवर भिस्त ठेवून चालत नाही.

हे शिसे मालातूनच येते. मेथॲम्फेटामिन (मेथ) ही उत्तेजक नशा बनवण्याच्या एका जुन्या पद्धतीत लेड ॲसिटेट हा शिशाचा क्षार वापरतात आणि चोरट्या कारखान्यात ते नीट काढले गेले नाही तर पुडीत उतरते. १९८८ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात मेथ शिरेतून घेणाऱ्यांना अशीच विषबाधा झाली होती. इराणमध्ये २०१६ साली शिशाची भेसळ असलेल्या अफूने शेकडो लोक आजारी पडले. ती बहुतेकांनी तोंडाने घेतली होती. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो. सुईने गेलेले मात्र सगळेच्या सगळे रक्तात!

सुई नवी कोरी असली तरी शिशापुढे तिचा उपयोग नाही. लेड ॲसिटेट पाण्यात विरघळते, त्यामुळे चमच्यात उकळून, कापसाच्या बोळ्यातून गाळले तरी ते सिरिंजमध्ये येतेच.

अंगातले बरेचसे शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे थोडेथोडे रक्तात झिरपत राहते. म्हणजे नशा सोडलेल्या माणसालाही त्रास होऊ शकतो. शिसे लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण आधी निदान तर व्हायला हवे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: शिरेतून नशा घेणारा कोणी पोटदुखी, रक्त कमी होणे किंवा मनगट लुळे पडणे अशी तक्रार घेऊन आला, तर एचआयव्हीच्या तपासणीबरोबर शिशासाठीही रक्त पाठवा.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन