कॉर्कहून पत्र: सेंट पॅट्रिकचा दिवस

कॉर्क, आयर्लंड
१९ मार्च

तीर्थस्वरूप आबा व आजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "तो हिरवे कपडे घालून दारू पिण्याचा सण ना तुमच्याकडे?" मी तेव्हा रस्त्यावर मिरवणुकीच्या गर्दीत होते, बँडच्या आवाजात धड बोलता आलं नाही. टीव्हीवर तेवढंच दाखवतात, त्यामुळे तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. पण या लोकांच्या घराशेजारी राहून मी जे पाहिलं ते वेगळं आहे. ते तुमच्यापर्यंत पोचायलाच हवं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

आबा, १७ मार्च हा सेंट पॅट्रिक या आयर्लंडच्या संताचा दिवस. त्याची सार्वजनिक सुट्टी इथे मिळाली ती १९०३ साली, इंग्रजांचं राज्य असताना. ती मिळावी म्हणून गेलिक लीगने जोर लावला होता. ही संस्था १८९३ सालची, आयरिश भाषा वाचवण्यासाठी काढलेली. आपल्याकडे पुण्यात सार्वजनिक गणपती सुरू झाला तेही हेच साल. तुम्ही वर्गात ते आमच्याकडून घोकून घ्यायचात, म्हणून इथे वाचलं तेव्हा लगेच डोळ्यांत भरलं. दोन्हीकडे राज्य एकाच सरकारचं आणि दोन्हीकडे लोकांनी आपलं म्हणून काहीतरी रस्त्यावर आणलं. बरं, या लीगवाल्यांचा आग्रह असा, की या दिवशी दारूची दुकानं बंदच हवीत. पुढे स्वतंत्र आयर्लंडने १९२७ साली तसा कायदा केला. १९६० साली कायदा बदलेपर्यंत सेंट पॅट्रिकच्या दिवशी पब बंद असत. आमच्या शेजारच्या आजींना त्यांच्या लहानपणीचा तो दिवस लख्ख आठवतो: सकाळी चर्च, मग मिरवणूक, मग घरी सगळ्यांचं जेवण. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे, उपवास चालू असायचे, पण त्या एका दिवशी मुलांना गोड खायची मोकळीक.

आता पब उघडे असतात आणि रात्री तुडुंब भरतात, हे खरं आहे. दिवसाचं मात्र ऐका.

सकाळी शेजारच्या आजींनी मला हाक मारली आणि माझ्या कोटाला शॅमरॉकची जुडी लावली. शॅमरॉक म्हणजे तीन पानांचं इवलंसं गवत, आपल्या आंबुशीसारखं दिसतं. ओल्या मातीसकट कुंडीत ठेवलं होतं. त्यांनी चार-पाच काड्या खुडल्या, देठांना ओला कापूस गुंडाळला आणि सेफ्टी पिन लावली. पॅट्रिकने या तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच कसे ते समजावलं, अशी कथा आहे. हा पॅट्रिक मूळचा आयरिश नव्हेच. पाचव्या शतकातला, रोमन ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्याला पळवून इथे गुलाम म्हणून आणलं, सहा वर्षं त्याने गुरं-मेंढरं राखली, मग निसटून घरी गेला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन याच लोकांत परत आला. हे त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. ज्यांनी गुलाम केलं त्यांच्याकडेच परत येणारा माणूस मला फार मोठा वाटतो. (आजी, त्याने इथले साप समुद्रात हाकलले असंही सांगतात. साप इथे नाहीतच, आधीही नव्हते. तुला हा देश आवडेल.)

दुपारी मिरवणूक पाहायला सेंट पॅट्रिक्स स्ट्रीटवर उभे होतो. बोचरा वारा, मधूनच पावसाची सर, तरी कुणी हललं नाही. रस्त्याच्या टोकाला फादर मॅथ्यूंचा पुतळा आहे. १८३८ साली या शहरातून दारू सोडण्याची चळवळ उभी करणारा हा पाद्री, लाखो लोकांनी त्याच्यापुढे शपथ घेतली होती. बॅरक स्ट्रीट बँड १८३७ पासूनचा, अजून वाजवतोय. पण माझे डोळे खिळले ते हर्लिंगच्या पोरांवर. हर्लिंग हा त्यांचा जुना खेळ, अ‍ॅश झाडाच्या लाकडाची पसरट टोकाची काठी आणि चामड्याचा चेंडू. क्लबची मुलं रांगेने चालली होती. त्यातली सहा-सात वर्षांची एक पोरगी, पुढचे दोन दात पडलेले, काठीच्या पात्यावर चेंडू टप्‌टप्‌ उडवत चालली होती. चेंडू सुटून आमच्या पायाशी आला. शेजारच्या आजींनी तो उचलला आणि देताना आयरिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. पोरगीने आयरिशमध्येच उत्तर दिलं आणि पळाली. आजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. १ मार्चपासून सतरापर्यंत शाळांमधून या भाषेचे कार्यक्रम चालतात, गाणी, नाटुकली, स्पर्धा. रोजच्या व्यवहारात इंग्रजीच आहे, आयरिश घरात बोलणारे थोडे. म्हणून तर एका मुलीचं एक वाक्य एवढं मोलाचं.

आपल्या भारतीय मंडळींचा गटही होता, साड्या-फेट्यांत, ढोलकीसकट. लोकांनी टाळ्या वाजवून नुसता कल्ला केला.

आणखी एक गोष्ट मला इथे येऊनच कळली. ही मिरवणूक काढायची रीत परदेशात गेलेल्या आयरिश लोकांनी रुजवली. न्यूयॉर्कमध्ये १७६२ पासून ती निघते. डब्लिनमध्ये सरकारी मिरवणूक निघाली ती १९३१ साली. घरापासून तुटलेल्यांना सणाची जास्त ओढ असते, हे मला इथे कुणी समजवायला नको. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला, वर्षामागून वर्षं पीक गेलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. धान्य मात्र त्या काळातही बोटींतून बाहेर जात होतं. हे सांगताना इथली म्हातारी माणसं अजून संतापतात. त्यांनी संतापावंच. आमच्या शहराजवळचं बंदर म्हणजे कोव्ह. १८४८ ते १९५० या काळात एकट्या तिथून पंचवीस लाख माणसं गेली. आपल्या कोकणातले चाकरमानी निदान गणपतीला परत यायचे. यातले बहुतेक कधीच आले नाहीत. मागे राहिलेले मार्चमध्ये पोस्टाने डबीतून शॅमरॉक पाठवत, ते पोचेपर्यंत वाळून जाई. शेजारच्या आजींचे दोन भाऊ बॉस्टनला गेले. त्यांची आई अशी डबी दरवर्षी धाडायची. परवा संध्याकाळी त्या भावांपैकी हयात असलेल्या एकाशी व्हिडिओवर बोलल्या, तेव्हा त्याच्या कोटालाही जुडी होती.

जेवायला त्यांच्याकडेच होते. माझ्यासाठी बटाटा-कोबीचं कोलकॅनन आणि सोडा ब्रेड. जेवताना त्यांनी वराडचा विषय काढला. लिओ वराडकर दोनदा इथले पंतप्रधान होते आणि त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे त्यांना पक्कं ठाऊक. सेंट पॅट्रिकच्या सुमारास आयर्लंडचा पंतप्रधान व्हाइट हाऊसमध्ये काचेच्या भांड्यातून शॅमरॉक देतो. वराडकरांनीही दिला. कुडाळहून वराड किती लांब, असं त्या विचारत होत्या. आबा, तुम्ही एसटीने जायचात ना तिकडे? रस्त्याचं, नदीचं सगळं नीट लिहून पाठवा, मी त्यांना वाचून दाखवीन.

आजी, सोडा ब्रेडची कृती: मैद्यात मीठ आणि खाण्याचा सोडा, त्यात आंबट ताक ओतून हलक्या हाताने गोळा करायचा, मळायचा नाही. वरून सुरीने अधिक चिन्हासारखी खोल चीर द्यायची आणि भट्टीत ठेवायचा. यीस्ट लागत नाही. आपल्याकडे जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून जमेल असं वाटतं. करून बघ आणि कसा झाला ते कळव. गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

येत्या रविवारी मी आगगाडीने कोव्हला जाणार आहे. तिथे अ‍ॅनी मूरचा पुतळा आहे, दोन लहान भावांना घेऊन निघालेली मुलगी. बाहेरून येणाऱ्यांना तपासून अमेरिकेत घेण्याचं ठाणं न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर होतं. १ जानेवारी १८९२ ला तिथून पहिली आत गेली ती हीच. फोटो पाठवते. आईबाबांना व धाकट्याला सांगा, पुढचं पत्र त्यांना.

तुमची,
नात