चि. पल्लवीस, पिंपळगावहून

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. म्हणून लिहायला बसलो. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला तापतं. कागदावर निदान मधे कुणी तोडत नाही.

कुत्री आणलीस, आणलीस. मी बोललो ते बोललो. राग तिच्यावर नाही. शेल्टरमधली आहे, मोठी झालेली आहे, आधीच्या लोकांनी सोडून दिली, हे सगळं आईनं सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि तुझ्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. बाकी तुझं तू बघ.

आईच्या मोबाइलवर तुझा व्हिडिओ पाहिला. सोफ्याच्या पाठीवरून ती जी झेप घेते! कान उडतात, पुढचे बुटके पाय फरशीवर घसरतात, मागचं अंग नंतर आदळतं. तू मागे हसतेस. हसलेली ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो व्हिडिओ मी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. मुद्दाम गेलो नव्हतो, गायीचं काम होतं. ते म्हणाले, डॅशहुंड. जर्मनीत बिळातल्या बॅजरवर सोडायला ही जात तयार केली, म्हणून पाय आखूड, म्हणून दिसेल ते उकरणं, म्हणून एवढ्याशा अंगातून एवढा आवाज. पण या जातीच्या मणक्यांमधल्या चकत्या फार लवकर कडक होतात. ऐन उमेदीत एखादी सरकली की मागचे पाय लुळे पडतात. तेव्हा उड्या बंद, जिना बंद, वजन वाढू द्यायचं नाही. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाल. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या अंगाखाली, पाठ आडवी राहिली पाहिजे.

आता जिना तिला बंद म्हटल्यावर दिवसातून तीनदा खाली-वर कोण नेणार? तूच ना? आठ-नऊ किलो तरी भरेल ती. तुला डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलू नको म्हणून बजावलं होतं, ती फाइल अजून माझ्या कपाटात आहे.

पुन्हा तेच आलं. राहू दे.

दुसरं, आपल्या जिल्ह्यात घरोघर जे असतं तेच तिला विष. द्राक्ष नाही, बेदाणा तर नाहीच, मूत्रपिंडं जातात. कांदाही नाही, शिजवलेलासुद्धा. इथून पेटी आली की वर ठेव. चॉकलेट तुझं तूच खा. रेबीजची लस वेळेवर देत जा, आणि दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत तिला फिरवून आण. गोदापार्कला नेशील तर भटकी कुत्री बघून ने. या जातीला आपण केवढे आहोत हे कळत नाही म्हणे. आणि रग जिरवायची तर नुसतं पळवून भागत नाही. जुन्या टॉवेलची गुंडाळी करून आत खाऊ लपव. नाकाला काम दिलं की दमते.

बघ, पानभर उपदेश झाला. तुला वाचायचा कंटाळा येईल, माफ कर. छाटणी उरकली आहे, द्राक्षबाग पोंग्यात, कोवळ्या फुटीवर आहे, रात्री ढग आले की डावणी रोगाच्या भीतीनं झोप लागत नाही. मग असलं सगळं डोक्यात फिरतं.

आपल्या वाघ्या कुत्र्याला उसातल्या बिबट्यानं नेलं तेव्हा तू दुसरीत होतीस. मी समजत होतो तू रडशील. वनखात्यानं पिंजरा आणला, आत शेळी बांधली, आणि तू त्या साहेबासमोर उभी राहून विचारलंस, ‘तिनं काय केलंय?’ साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे. शेवटी शेळीला वेगळा कप्पा असतो, तिला काही होत नाही, हे त्यानं तुला दार उघडून दाखवलं, तेव्हा तू बाजूला झालीस. परवा तुझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक दाखवून गप्प केलंस असं कळलं. आईनं ते नानांना सांगितलं. नानांच्या आधी ते अर्ध्या गावाला मी सांगून झालो होतो.

पण पोरी, भांडायला तू पुढे आणि हाक मारायला मागे. नितीनच्या घरातून निघालीस तेव्हा ते लोखंडी कपाट तू एकटीनं ओढलंस. कुणाला विचारून? जिन्यात पाय अडखळला, हातात ती वळवळणारी, तर तू तिला वाचवशील आणि स्वतः पडशील, हे मला इथे बसून दिसतं. समोरच्या पाटीलबाईंच्या मुलाला सांग, रोज संध्याकाळी उतरवून देईल. तू सांगणार नाहीस. मीच त्याच्या आईला फोन करणार आहे, मग चिडलीस तरी चालेल.

खारीक हे नाव आईला आवडलं. मला ठीक वाटतं.

शनिवारी भुजबळांचा टेम्पो नाशिकला येतो आहे. त्यात फळी पाठवतो, सोफ्याला तिरकी लावायची. वर गोणपाट ठोकलं आहे, तिचे पाय घसरणार नाहीत. फळी सागाची आहे, जड आहे. वॉचमनकडून वर चढवून घे, पन्नास रुपये दे त्याला. तू हात लावू नकोस.

तुझे,
बाबा