इथिओपिया : गुंतवणुकीचा टक्का आणि गाळप

महोदय,

इथिओपियातील भांडवली गुंतवणुकीवरचा आपल्या अर्थविषयक पानावरील लेख वाचला. 2015 च्या सुमारास ही गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात होती, ती आता पाव हिश्श्याच्या आसपास आली, म्हणून देश मागे पडला, असा लेखाचा सूर आहे. त्या चाळीस टक्क्यांतले थोडे लोखंड आमच्या हातून उभे राहिले आहे, म्हणून लिहितो.

साखर कारखान्यांच्या उभारणीत माझी नोकरी झाली. त्यातला काही काळ मी अफार प्रांतात तेंडाहोला होतो. आपल्या एक्झिम बँकेने इथिओपियाच्या साखर उद्योगाला दिलेल्या 64 कोटी डॉलरच्या कर्जातला हा प्रकल्प. आपल्याकडे शिवारात ऊस उभा असल्याशिवाय बॉयलर पेटवायचा विचारही कोणी करत नाही. तिथे धरण, कालवे, उसाची लागण आणि यंत्रे यांचा मेळच बसेना. साफ केलेल्या रानात वेडी बाभूळ पुन्हा माजलेली मी पाहिली. अवाश नदीकाठचे ते रान म्हणजे अफार गुराख्यांची कुरणे होती. मिलच्या एका बेअरिंगसाठी एलसी, म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैशांची हमी देणारे बँकेचे पत्र, उघडायला महिने लागले, कारण बँकेत डॉलरच नव्हते.

यंत्र आयात झाले, पाया भरला, की ते त्या वर्षीच्या गुंतवणुकीत धरले जाते. पुढे त्यातून साखरेचे पोते पडले की नाही, हे त्या टक्क्यात दिसत नाही. 2015 पर्यंत वर्षाला साडेबावीस लाख टन साखर करून निर्यात करायची, असे सरकारचे लक्ष्य होते. देश साखर आयातच करत राहिला. बाहेरून घेतलेली कर्जे मात्र डॉलरमध्येच फेडायची होती. देशाच्या उत्तरेकडील तिग्राई प्रांतातल्या युद्धाने खर्च वाढवला, डिसेंबर 2023 मध्ये सरकारच्या डॉलर रोख्यांवरचे 3.3 कोटी डॉलरचे व्याज थकले आणि जुलै 2024 मध्ये बिर या तिथल्या चलनाचा दर बाजारावर सोडल्यावर काही महिन्यांत त्याची किंमत निम्म्याहून खाली आली. घसरण खरी आहे. पण तिचे मूळ चाळीस टक्क्यांच्या त्या चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या वर्षांतच आहे.

उलट नील नदीवरचे महाधरण पाहा. 2011 मध्ये काम सुरू झाले, सरकारने लोकांनाच रोखे विकले. आमच्या साइटवरच्या कारकुनाच्या पगारातून त्याचा हप्ता कापला जाई, आणि तुटपुंज्या पगारातही तो ते अभिमानाने सांगे. सप्टेंबर 2025 मध्ये 5,150 मेगावॉटच्या त्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. टक्का उतरत असतानाच हे धरण पुरे झाले, याची दखल लेखात हवी होती.

तेंडाहोला गेलेला पैसा भारतीय सरकारी बँकेचा होता. त्या 64 कोटी डॉलरमधून आज कोणत्या कारखान्यात किती टन ऊस गाळला जातो, याची माहिती आपल्या वार्ताहरांनी मिळवून छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त अभियंता, कराड