मावशी, तुमच्या वहीतल्या माझ्या पोळ्या

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही मध्येच त्याला "बास, ती भाजी बघ आधी, खाली लागेल" म्हणून पिटाळाल. त्यामुळे कामाचं आधी सांगतो. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ५.६. गेल्या वर्षी तो ६.१ होता. वजन ८३.६ वरून ७४.२.

घरचे, शेजारचे, ऑफिसातले, सगळे म्हणतायत की माझी जिद्द दांडगी. माझी जिद्द किती ते तुम्हाला माहीत आहे. सुटे पैसे आणतो म्हणून गेलेला मी समोरच्या गाडीवर वडापाव खाताना तुम्हाला दिसलेलो आहे. खरं काय झालं ते ठाण्यात, पाचपाखाडीतल्या तुमच्या पोळी-भाजी केंद्राच्या काउंटरवर झालं. ते सांगितलं की लोक हसतात. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

मागच्या जुलैत भर पावसात मी आलो होतो तो रोजच्या पोळ्यांचं खातं बंद करायला. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, ५.७ ते ६.४ म्हणजे तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, ६.५ला घरात शिराल. कंबर १०२ सेंटीमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांना ९०ची हद्द. ऑफिसातल्या एकाने गहू म्हणजे विष असा व्हिडिओ पाठवला होता, तो रिक्षात दोनदा बघून आलो होतो. छत्री मिटायच्या आधीच म्हणालो, "मावशी, उद्यापासून पोळ्या बंद."

का, कशाला, काही नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "मग खाणार काय?"

"सॅलड."

"बरं," म्हणालात आणि हिशोबाला वही काढलीत. लाल कापडी पुठ्ठ्याची, पीठ लागून कडा पांढऱ्या झालेली. आमच्या फ्लॅटचं पान काढलंत, मग मागचं, मग त्याच्याही मागचं. पाठमोऱ्या सुनेला गॅस बारीक करायला सांगत सांगत बोट फिरत होतं. "मागच्या आषाढात १० होत्या बघा. दिवाळीनंतर १२. आता १४. माणसं तीनच ना घरात? का कोण राहायला आलंय?"

कोणी आलं नव्हतं. बायको चार खाते, मुलगी तीन. उरलेल्या सात कुठे जात होत्या ते मला त्या क्षणी कळलं. दुपारी डब्यात तीन, रात्री तीन, आणि सकाळी चहाबरोबर एक शिळी, जी मी जेवणात कधी धरलीच नव्हती. पोट मोठं झालं ते मला आरशात दिसलं नाही, शर्टात दिसलं नाही. तुमच्या वहीत तारीखवार लिहिलेलं होतं.

मी बचावाला मोबाइल काढला. चार महिने त्यात खाल्लेलं सगळं भरत होतो. 'चपाती, एक' टाकलं की ॲप शंभरच्या आसपास कॅलरी धरायचं आणि दिवसाअखेरी हिरवी बरोबरची खूण. तुम्ही काय केलंत, तर भाजी मोजायच्या काट्यावर परातीतला एक उंडा ठेवलात. ६५ ग्रॅम. पाणी वजा केलं तर कणीक जवळजवळ ४० ग्रॅम. मग तेलाची पळी दाखवलीत, घडीत एवढं, वरून एवढं. मी तिथेच उभ्याउभ्या गणित केलं: पावणेदोनशेच्या खाली एक पोळी जात नव्हती. सात पोळ्यांना रोजचा सव्वापाचशेचा फरक. मी ॲपला खोटं सांगत होतो आणि ॲप मला शाबासकी देत होतं. त्याचा तरी काय दोष, त्याला तुमचा उंडा कुठे माहीत!

"पोळी सोडू नका," तुम्ही म्हणालात. "चार दिवस सोडाल, पाचव्या दिवशी फरसाण खाल. मी फुलके देते, बारीक उंड्याचे, बिनतेलाचे. सकाळी दोन, रात्री दोन. वरचं पोट उसळीनं भरा."

पाचव्या दिवशी फरसाण, हे तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मी महागड्या पावडरीचे डबे घेऊन बसलो होतो. सकाळ-संध्याकाळ शेक प्यायचा. सहा किलो उतरलं, डबे संपले, आठ किलो चढलं. रात्री अकराला फरसाणाची बरणी काखेत घेऊन टीव्ही बघणारा माणूस तुम्ही पाहिला नव्हता, पण ओळखला होतात.

मी तरीही शहाणपणा केलाच. फुलक्यांऐवजी भाकरी देता का म्हणालो, भाकरी हलकी असते. तुम्ही भाकरीचा उंडा काट्यावर ठेवलात. १२० ग्रॅम. "खा की, पण एकच. काट्याला ज्वारी-गहू कळत नाही." भाकरीचा पोटाला आधार चांगला, हे खरं. पण पीठ ते पीठ, वजनाला वजन कॅलरी जवळपास सारख्याच. मी भाकरीला देवघरात बसवली होती, तुम्ही तिला परत परातीत आणलीत.

दुसऱ्या दिवशी तसलाच छोटा काटा घरी आणला. तीनच आठवडे वापरला. भात शिजल्यावर किती होतो, मूठभर शेंगदाणे म्हणजे किती, चिवड्याची वाटी म्हणजे नक्की काय, हे डोळ्याला कळेपर्यंत. (शेंगदाण्यांनी फार वाईट वाटलं.) आता काटा फडताळात आहे. तेलाचा शोध मात्र माझा, तो तुमच्या नावावर घालू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराच्या ताटाचा तक्ता केला आहे, २००० कॅलरींच्या हिशोबाचा. त्यात तेल-तूप २७ ग्रॅम. म्हणजे माणशी दिवसाला तीस मिलिलिटर, महिन्याला नऊशे. आम्ही तिघं, पावणेतीन लिटर. आमचा पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत होता, शिवाय पोळ्यांचं तेल तुमच्याकडचं वेगळं. आता कॅनवर फोडल्याची तारीख मार्करने लिहितो. मागचा बावन्न दिवस पुरला. बायको म्हणते, ही तुमच्या वहीची नक्कल आहे. आहेच.

पहिल्याच आठवड्यात पावणेदोन किलो उतरलं तेव्हा मी तुमच्याकडे पेढे घेऊन आलो होतो, आठवतं? आणि पुढच्या सोमवारी काटा परत एक किलो वर गेला म्हणून तोंड पाडून. सुरुवातीला उतरतं त्यात पाणीच बरंच असतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. तुम्ही फुलका उलटता उलटता म्हणालात, "रोज रात्री गल्ला मोजून नफा कळतो का दादा? महिन्याचा हिशोब बघा." तेव्हापासून महिन्यातली चार वजनं घेतो आणि सरासरी काढतो. मला वजनाबद्दल यापेक्षा उपयोगाचं वाक्य कोणी सांगितलेलं नाही.

बाकी फार काही नाही. जेवल्यावर कचराळी तलावाला दोन फेऱ्या, पायाचे स्नायू जेवणातली साखर ओढून घेतात म्हणून. रविवारची मामलेदारची मिसळ चालू आहे, महिन्यातून एकदा, जादा पाव न घेता. तुमचं एक मात्र मला आजही पटत नाही, की उपासाची साबुदाणा खिचडी हलकी असते. मावशी, ती तुम्ही काट्यावर ठेवत नाही, यातच सगळं आलं.

आता जे तोंडावर बोलायला जमलं नाही ते. आमच्या घरच्या १४च्या १० झाल्या. बायकोनेही एक कमी केली. त्यातही दहा रुपयांच्या घडीच्या पोळीऐवजी आम्ही सहा रुपयांचे फुलके नेतो. रोजचे १४० होते ते ६० झाले. महिन्याला दोन हजारांच्या वर तुमचा धंदा कमी झाला, आणि तो तुम्ही स्वतः वही उघडून, स्वतःच्या काट्यावर, स्वतःच्या हाताने कमी केलात. गिऱ्हाइकाला कमी न्या म्हणणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. दिवाळीला बक्षीस म्हणून पाकीट पुढे केलं तर तुम्ही ते चकलीच्या ऑर्डरीत वळतं केलंत आणि उरलेले चाळीस रुपये परत दिलेत. वर म्हणालात, "पाव किलोच देते. अर्धा मागू नका."

वजन अजून चार-पाच किलो उतरायला हवं, कंबर ९३वर अडून बसली आहे. तेव्हा खातं चालू ठेवा. आणि हो, परवा संकष्टीला मी दोन मोदक नेले तेव्हा काउंटरवर तुमचा नातू होता. त्याने ते लिहिले नाहीत. वहीत चढवा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा, पूर्वीचा सात पोळ्यांचा