रात्री दहाची पातेली

बार्सिलोना, 22 ऑक्टोबर 2017

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. ऑगस्टमध्ये इथल्या रांब्ला रस्त्यावर हल्ला झाल्यापासून तुमचा जीव टांगणीला आहे, कळतं मला. पण बाबा, टीव्हीवर लाठ्या चालवणारे पोलीस दिसतात ते 1 तारखेचे. कॅटलोनियाने, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या प्रांताने, स्पेनपासून वेगळं व्हावं का यावरचं सार्वमत कोर्टाने स्थगित केलं होतं, तरी लोक मतपेट्या घेऊन शाळांत बसले, म्हणून ते झालं. मला इथे मत नाही, मी कशाला मध्ये पडेन? खालच्या शाळेची रांग तेवढी बघून आले, तीही लांबून.

आई, फोनवर तुला मागून जो खणखणाट ऐकू आला तो भांडणाचा नव्हता. इथे राग आला की लोक रात्री दहाला बाल्कनीत येऊन भांडी बडवतात. समोरच्या म्हाताऱ्या बाई पोचे पडलेलं पातेलं आणि लाकडी डाव घेऊन येतात. आधी घड्याळ बघतात, मग सुरू. पाव तास अख्खी गल्ली दणाणते आणि एकदम थांबते. बाई डाव पुसतात, मला हात करतात, आत जातात. वरच्या मजल्यावर स्पेनचा झेंडा आहे, तो गृहस्थ तेवढा वेळ मोठ्याने गाणी लावतो. आजीला सांगा, तिच्या वेळचा लाटणे मोर्चाच, फक्त घरबसल्या!

बाकी सगळं कागदावर चाललंय. सार्वमतात 90 टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने, पण मतदान 43 टक्क्यांच्या आसपास. विरोधातले बहुतेक फिरकलेच नाहीत. कॅटलोनिया सरकारचे प्रमुख पुजदेमोन साहेबांनी 10 तारखेला स्वातंत्र्याची घोषणा केल्यासारखं केलं आणि त्याच भाषणात ती स्थगितही केली. काल स्पेनचे पंतप्रधान राखॉय यांनी राज्यघटनेचं कलम 155 लावायचं ठरवलं, म्हणजे इथलं सरकार हटवून कारभार माद्रिदकडे. आता शुक्रवारी त्यावर स्पेनच्या सिनेटमध्ये मतदान. मला विचाराल तर 2010 मध्ये कोर्टाने यांच्या स्वायत्ततेच्या कायद्याला कात्री लावली तेव्हाच हे पेटलं. ऑफिसात मात्र जपून बोलावं लागतं. रोज एकत्र जेवणारे दोघं हल्ली वेगवेगळ्या वेळी डबा उघडतात.

पैशांची काळजी नको. या गोंधळामुळे माझ्या बँकेने नोंदणीकृत पत्ता कॅटलोनियाबाहेर व्हॅलेन्सियाला नेला, एवढंच. शाखा कोपऱ्यावरच आहे, पगार वेळेवर आला. एक लाख युरोपर्यंतच्या ठेवींना हमी असते आणि माझी शिल्लक त्याच्या जवळपासही नाही, तेव्हा निर्धास्त राहा. दादाच्या लग्नाच्या हॉलसाठी या महिन्यात थोडे जास्त पाठवलेत. बाबा, कर्ज काढू नका, खरंच.

नाशिकच्या स्थळाचं म्हणाल तर त्यांना सांगा, देश फुटला तरी माझी नोकरी फुटत नाही. "तिकडे दंगे आहेत, मुलगी परत येणार का?" असं त्यांनी मला विचारावं, मामांना नको. मी नाही म्हणत नाहीये. फोटो बघितला, चांगला आहे.

दादाच्या साखरपुड्याला मात्र जमणार नाही. व्हिसाचं नूतनीकरण अडकलंय आणि कागद हातात नसताना बाहेर पडायचं नाही, असं वकील म्हणतात. लग्नाला नक्की. दादाला काल ओवाळता आलं नाही म्हणून तो फोनवर नीट बोललाच नाही. त्याला म्हणावं, ओवाळणी मी सोडलेली नाही, व्याजासकट घेईन. आई, तू पाठवलेल्या चकल्या संपल्या, अर्ध्या ऑफिसातल्यांनीच खाल्ल्या.

तुमची,
पिंकी