एफआरपीच्या आकड्याशेजारी उतारा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाच्या एफआरपीची, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायच्या सरकारी किमान दराची बातमी आपल्याकडे दरवर्षी एकाच साच्यात येते. २०२५-२६ च्या हंगामाची बातमीही तशीच होती : टनाला १५० रुपयांची वाढ, नवा दर ३५५० रुपये. खाली मंत्र्यांचं समाधान आणि संघटनांची नाराजी. हा दर किती उताऱ्याला, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघेल असं मानून धरलाय, हे मात्र शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर. आम्ही ऊसवाले बातमी उलटीकडून वाचतो. आधी उतारा बघायचा, मग आकडा.

मी शिरोळ तालुक्यातला. १९८७ साली नोकरीला लागलो, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता चार एकर ऊस बघतो. तेव्हा हिशेब मांडूनच बोलतो. २०१७-१८ ला एफआरपी होती टनाला २५५० रुपये, पण साडेनऊ टक्के उताऱ्याला. पुढच्या हंगामात ती २७५० झाली आणि सगळीकडे '२०० रुपयांची वाढ' अशी बातमी आली. त्याच निर्णयात पायाभूत उतारा साडेनऊवरून दहावर नेला होता. आमच्या भागात बाराच्या आसपास उतारा पडतो. पायाच्या वर जितका उतारा तितका जादा दर मिळतो, म्हणून पाया वर गेला की ते जादाचे टप्पेच कमी होतात. बारा उताऱ्याला जुन्या हिशेबानं ३२२१ रुपये बसत होते, नव्यानं बसले ३३००. म्हणजे वाढ झाली एकोणऐंशी रुपयांची. बाकीचे १२१ रुपये व्याख्येत गेले. २०२२-२३ ला पाया सव्वादहा टक्के केला, तेव्हाही हेच. बातमीत १५० ची वाढ, बारा उताऱ्याच्या पट्ट्यात हाती शंभराच्या आसपास. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा, ते वेगळं.

बरं, उतारा म्हणजे तरी कुठला? मागच्या हंगामाचा की चालू? राज्य सरकारनं २०२२ मध्ये चालू हंगामाचा उतारा धरून एफआरपी हप्त्यांत द्यायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. भांडण एका शब्दाच्या अर्थावर होतं आणि तीन हंगाम लोकांचे पैसे त्यावर लोंबकळत होते.

तसाच 'उत्पादन खर्च' हा शब्द. २०२५-२६ चा दर खर्चाच्या दुपटीहून जास्त आहे, असं केंद्रानं सांगितलं. हा खर्च धरलाय क्विंटलला १७३ रुपये, म्हणजे टनाला १७३०. त्यात खत, बियाणं, मजुरी, पाणी आणि घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या पैशावरचं व्याज येत नाही. ते धरायचं तर दुसरी व्याख्या आहे, तिला सी-टू म्हणतात. स्वामिनाथन आयोगाच्या दीडपट भावाचा सगळा वाद याच दोन व्याख्यांमधला आहे. पण बातमीत नुसतं 'खर्चाच्या दुप्पट' असं येतं आणि शहरातला वाचक म्हणतो, अजून किती द्यायचं या लोकांना!

हे घरचं झालं. पण हाच खेळ जिनिव्हात बसूनही चालतो, आणि त्याची किंमतही उसालाच चुकवावी लागू शकते.

डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीनं भारताविरुद्ध निकाल दिला. तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाची. भारतानं २०१४-१५ ते २०१८-१९ असे सलग पाच हंगाम ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर अनुदान दिलं, असं त्यात म्हटलं होतं. मर्यादा म्हणजे उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या १० टक्के. आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या कार्यालयात मी ती बातमी मोठ्यानं वाचली. शेजारचे आप्पा चहा पीत बसले होते. मागच्या हंगामाचं त्यांचं शेवटचं बिल तेव्हा कारखान्याकडे अडकलं होतं. कप खाली ठेवून म्हणाले, "अनुदान? कुणाच्या खात्यावर आलं रं, मास्तर?"

आप्पांचा प्रश्न आणि भारत सरकारचा युक्तिवाद तंतोतंत एकच होता! एफआरपी सरकार ठरवतं, पण देतो कारखाना. सरकार ऊस विकतही घेत नाही आणि त्यासाठी तिजोरीतून पैसाही देत नाही. मग ते अनुदान कसं? समितीनं हे मानलं नाही. संघटनेच्या शेतीविषयक कराराच्या भाषेत 'बाजारभाव आधार' म्हणजे प्रत्यक्ष दिलेला पैसा नव्हेच. सरकारनं ठरवलेल्या भावातून करारात गोठवलेला संदर्भभाव वजा करायचा आणि आलेल्या फरकाला त्या भावास पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनानं गुणायचं. जो गुणाकार येईल ते अनुदान. हा संदर्भभाव करारानं १९८६ ते १९८८ या वर्षांवर बसवलेला आहे. मी नोकरीला लागलो त्या काळचा! त्यानंतर डिझेल, युरिया, मजुरी कुठल्या कुठे गेली, पण सूत्रातलं ते साल तिथंच आहे. अशा सूत्रात कुठलाही आजचा भाव घातला तरी उत्तर 'बेसुमार अनुदान' असंच येणार. गणिताच्या मास्तरला यात चूक काढता येत नाही, कारण बेरीज-वजाबाकी बरोबरच आहे. गोम व्याख्येत आहे.

जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं. ते ज्या अपील मंडळाकडे केलं, ते डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद पडलेलं, कारण अमेरिकेनं नेमणुका अडवून धरल्या. निकाल त्यामुळं लागू होत नाही आणि रद्दही होत नाही.

श्रीमंत देशांनी हीच व्याख्या स्वतःला हवी तशी वाकवली. ज्या मदतीनं व्यापारात फारसा बिघाड होत नाही, ती 'हिरव्या पेटीत' जाते आणि तिला मर्यादा नाही. अमेरिकेनं आपल्या कापूसवाल्यांना दिलेले थेट पैसे याच पेटीतले असल्याचा दावा केला. तेव्हा हाच ब्राझील तक्रारदार होता आणि जिंकलाही. हे पैसे घेणाऱ्यानं त्या जमिनीत फळं-भाजीपाला लावायचा नाही, अशी अट होती. पीक कुठलं घ्यायचं हे सरकार ठरवतंय, म्हणजे मदत पूर्ण हिरवी नाही, यावर तो मुद्दा फिरला. पुढं अमेरिकेनं काय केलं? अनुदान मुकाट्यानं थांबवलं नाही. २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ज्याच्याकडे पैसा आहे तो व्याख्येत हरला तरी चालतो.

जाता जाता 'विकसनशील' या शब्दाबद्दल. जागतिक व्यापार संघटनेत या शब्दाची व्याख्याच नाही, देश स्वतःच स्वतःला विकसनशील म्हणवतो. दक्षिण कोरियानं २०१९ मध्ये आणि चीननं २०२५ मध्ये जाहीर केलं, की पुढच्या वाटाघाटींत त्याच्या खास सवलती मागणार नाही. आपण घरी महासत्तेची भाषणं ऐकतो आणि जिनिव्हात विकसनशील म्हणून बसतो. यात मला लबाडी वाटत नाही. १० टक्क्यांची ती मर्यादा विकसनशील देशाला आहे, विकसित देशाला ५ टक्केच. हा शब्द सोडला तर उसाचा हिशेब आणखी बिघडेल.

मागणी साधी आहे. पुढच्या वर्षी एफआरपीची बातमी लावाल तेव्हा दराच्या शेजारी, त्याच टायपात, पायाभूत उतारा छापा आणि मागच्या वर्षीचा पायाही द्या. 'खर्चाच्या इतके पट' असं लिहाल तेव्हा कुठला खर्च ते कंसात टाका. आणि जिनिव्हाच्या बातमीत 'अनुदान' लिहाल तेव्हा हे पैसे कुणी कुणाला दिले, एवढी एक ओळ असू द्या. आप्पा अजून विचारतात.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर